कळसूबाईचा उभा छेद

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो. आरेखक हा शब्द फक्त सेवापुस्तकात; बाकी सगळे ड्राफ्ट्समनच म्हणायचे. छेद म्हणजे एखादी गोष्ट उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं मापात काढलेलं चित्र. धरणाचा छेद, सांडव्याचा छेद, कालव्याचा ठरावीक अंतरावर एकेक छेद, असं करता करता नजरच तशी झाली. रस्ता रुंद करायला कुठे दरड कापलेली दिसली की गाडीत बसल्या बसल्या मी तिला स्केल लावतो. एवढं असून डोंगराचा छेद मात्र कधी काढला नव्हता. आमच्या कागदावर डोंगर यायचा तो भिंतीला दोन्ही बाजूंनी खांदा द्यायला. खांद्याच्या वर त्याला डोकं आहे की नाही, याच्याशी खात्याला कर्तव्य नसे.

कळसूबाईवर त्याआधी तीनदा जाऊन आलो होतो. एकदा लहानपणी आईबरोबर, नवरात्रातल्या जत्रेला. एकदा मित्रांबरोबर रात्रीचा, सूर्योदय बघायला. ढगांमुळे तो दिसला नाही. एकदा ऑफिसच्या सहलीत. तिन्ही वेळचं मिळून काय आठवतं म्हणाल तर शिड्या, वारा, गर्दी आणि 1646 हा आकडा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, उंची किती, हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. मलाही होतं.

भाची कॉलेजात भूगोल शिकते. तिने दिवाळीत जेवताना विचारलं, "मामा, 1646 समुद्रापासून. मग बारीपासून चढ किती? आणि त्या चढात दगड कोणकोणता लागतो?" ज्याने आयुष्यभर दगडांचे छेद काढले त्याने उत्तर द्यायला पाहिजे होतं. मी श्रीखंड वाढून घेतलं.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं, नोव्हेंबर संपता संपता जायचं, दोघांनीच, आणि आपल्या हातांनी मोजून डोंगराचा उभा छेद काढायचा. पावसाळ्यात धुक्याने काही दिसत नाही, उन्हाळ्यात माझ्याच्याने चढवणार नाही. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कातळ उघडे दिसतात. शनिवार-रविवार कटाक्षाने टाळले. सुटीच्या दिवशी शिडीवर जी रांग लागते, तिच्यात पट्टी लावून मोजमाप करणारा म्हातारा लोकांनी खाली ढकलला असता तरी मी त्यांना दोष दिला नसता.

साधनं साधी घेतली. माझी जुनी हँड लेव्हल, म्हणजे वीतभर लांबीची पितळी नळी. डोळ्याला लावली की आत पाण्याचा बुडबुडा दिसतो आणि आपण बरोबर आडवं बघतोय की नाही ते कळतं. पाच मीटरची टेप. हवेचा दाब दाखवणारा भाचीचा मोबाइल. घरच्या कपाटातला प्रयोगशाळेचा थर्मामीटर, 110 अंशांपर्यंतचा. दोन वह्या, कारण एकाच वहीवर माझा विश्वास नसतो.

हँड लेव्हलने चढ मोजायची रीत फार जुनी आणि फार कंटाळवाणी आहे. माझ्या पायापासून डोळ्यापर्यंतची उंची 1.55 मीटर. वाटेवर उभं राहायचं, नळीतून सरळ आडवं बघायचं, समोरच्या चढावर नजर जिथे टेकेल तो दगड हेरायचा. त्या दगडावर जाऊन उभं राहिलं की आपण 1.55 मीटर चढलो. वहीत एक रेघ. पुन्हा नळी डोळ्याला. पाच रेघांची एक जुडी, दुकानदार लिहितात तशी. भाची पुढे जाऊन दगडावर बोट ठेवणार आणि रेघ ओढणार, मी बघणार.

घोटीकडून भंडारदऱ्याला जाणारा रस्ता जिथे डोंगराची रांग ओलांडतो, तिथे बारी हे गाव आहे. बारी म्हणजेच खिंड. उत्तरेला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका, दक्षिणेला अहिल्यानगरमधलं अकोले. आदल्या संध्याकाळी गावात एका घरी मुक्काम केला. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. घरधनी म्हणाले, "गाईड लागंल का?" मी म्हटलं वाट माहीत आहे, मोजायला आलोय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच बघितलं. डोंगर मोजायला माणसं आली म्हणजे पुढे काहीतरी प्रकल्प निघणार, हा त्यांचा अनुभव असावा. मी रिटायर आहे हे तीनदा सांगितल्यावर चहा आला.

गावातल्या हापशीचा सिमेंटचा ओटा आम्ही बेंचमार्क, म्हणजे मोजणी सुरू करायची पक्की खूण, धरला. सकाळी साडेसहाला मोबाइलवरचा दाब लिहून घेतला आणि पहिली रेघ ओढली.

सुरुवातीची वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाते. तिथे चढ कमी, त्यामुळे एकेका रेघेला बरंच चालावं लागतं. ओढा ओलांडला की झाडी लागते, आणि तिच्यापुढे खालचं देऊळ. ज्यांना वर चढवत नाही ते इथेच देवीला नारळ देऊन परततात. तोवर आमच्या पाऊणशे रेघा झाल्या होत्या आणि माझ्या अंगातून घाम निघत होता. भंडारदऱ्याची भिंत तळापासून 82 मीटर आहे. म्हणजे माझ्या नळीने 53 रेघा. एका भिंतीच्या वर आम्ही कधीच निघून आलो होतो आणि डोंगराला अजून सुरुवातसुद्धा झाली नव्हती.

पहिली शिडी आली तेव्हा मला थांबावं लागलं, आणि ते दमल्यामुळे नव्हतं. शिडीच्या शेजारचा कातळ बघितला आणि तो ओळखीचा निघाला.

धरण बांधायच्या आधी पायात भोकं पाडून आतला दगड नळकांड्यांसारखा बाहेर काढतात. ते तुकडे, म्हणजे कोअर, लाकडी पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवतात. त्या पेट्यांवरून आम्ही छेद काढायचो. चौतीस वर्षांत तीनच शब्द सतत लिहिले: कॉम्पॅक्ट बेसाल्ट, अमिग्डलॉइडल बेसाल्ट आणि रेड बोल. विहिरी खणणारे लोक यांनाच काळा पाषाण, मांजऱ्या आणि गेरू म्हणतात आणि त्यात त्यांची चूक फारशी होत नाही. इथे शिडीच्या अंगाला काळा पाषाण उभा होता, त्याला वरपासून खालपर्यंत उभ्या भेगा. पेटीत तो मनगटाएवढ्या जाडीचा बघितलेला. इथे तो घराएवढा.

लाव्हाचा लोळ पसरला की त्याचं पोट सावकाश थंड होतं. थंड होताना आकसतं आणि उभ्या भेगा पडतात. पुढे ऊन-पावसाने त्या भेगांवरून दगडाच्या चिरा सुटून खाली येतात, त्यामुळे मागे उरतो तो ताठ कडा. लोळाच्या वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. त्या पोकळ्यांमध्ये पुढे पाण्याबरोबर आलेली पांढरी, गुलाबीसर खनिजं भरतात: स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, कुठे गारगोटी. अमिग्डलॉइड नावाच्या मुळाशी बदाम आहे, आणि दगड फोडला तर दिसतोही तसाच, बदाम घातलेल्या बर्फीसारखा. याला भेगा कमी, पण तो लवकर कुजतो, मऊ होतो, उतार होतो. त्या उतारावर माती धरते, गवत येतं, कारवी येते.

म्हणजे कडा, मग पदर. पुन्हा कडा, पुन्हा पदर. सह्याद्रीच्या कुठल्याही डोंगराला जे जिने दिसतात ते असे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जिथे शिडी आहे तिथे काळा पाषाण आणि जिथे वाट मोकळी आहे तिथे मांजऱ्या, हे चालताना पायाला कळलं. थोडं वर गेल्यावर भाचीने आणखी एक भर घातली: "मामा, टपऱ्या बघा. सगळ्या मांजऱ्यावर आहेत." खरंच होतं. चहाची टपरी टाकायला सपाटी लागते, आणि सपाटी मऊ दगड देतो. त्या दिवशी मधला वार असल्याने बहुतेक टपऱ्यांवर नुसते बांबू उभे होते, पण जागा बरोबर कळत होत्या. मी वहीत शिडीसाठी एक खूण आणि टपरीसाठी दुसरी खूण ठरवली. भूगर्भाचा नकाशा इतका स्वस्तात आयुष्यात झाला नव्हता.

शिडीवर नळी चालत नाही. डोळ्यासमोर कातळच येतो. तिथे टेपने दोन पायऱ्यांमधलं उभं अंतर घेतलं, सरासरी 27 सेंटिमीटर निघालं, आणि पायऱ्या मोजल्या. सगळ्या शिड्यांच्या मिळून 133. म्हणजे 36 मीटर. एका ठिकाणी खाली उतरणाऱ्या पोरांनी "काका, किती राहिलं?" असं उलट मलाच विचारलं आणि माझा हिशोब चुकला, ती शिडी परत मोजावी लागली. उतरणाऱ्याला वर किती राहिलं याचं काय पडलं होतं ते देवीला ठाऊक.

मधल्या टप्प्यावर एका कड्याच्या पायाशी मला हवी असलेली गोष्ट दिसली. विटेच्या रंगाचा पट्टा, जाडी हातभरसुद्धा नाही, वर काळा पाषाण आणि खाली मांजऱ्या. रेड बोल. खात्यात आम्ही या थराला घाबरून असायचो. पेटीत आला की तुकडा अगदी घट्ट दिसतो, महिनाभरात त्याचा भुगा होतो. धरणाच्या पायात किंवा बोगद्यात निघाला की साहेबांच्या बैठका सुरू. मी त्याला नेहमी बारीक ठिपक्यांनी भरायचो आणि त्याचा विचार तिथेच संपायचा. इथे भाचीने तो बोटाने उकरला, बोट लाल झालं, आणि म्हणाली, "ही त्या वेळची जमीन असेल."

दख्खनचा हा सगळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला बराचसा दहाएक लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, असं कालमापन सांगतं. पण तो सलग पडला नाही. एक लोळ येऊन थंड झाला, मग शांतता. त्या शांततेत वरचा दगड, राख, धूळ कुजून त्याची लाल माती झाली. मग दुसरा लोळ आला आणि त्याने ती भाजून काढून आपल्याखाली गाडली. माझ्या ठिपक्यांना एवढा अर्थ होता. मी त्या पट्ट्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन, कारण भाची म्हणाली, "मामा, बसा हवं तर."

पाण्याचंही कोडं तिथेच सुटलं. शेवटच्या चढाच्या आधी एका पदरावर विहीर आहे. एवढ्या उंचीवर, माथा जवळ आलेला, वरती पाणी साठवायला जागा नाही, मग विहिरीला पाणी कुठून? तर काळ्या पाषाणाच्या उभ्या भेगांतून पावसाचं पाणी खाली उतरतं, खालच्या न झिरपणाऱ्या थरावर येऊन अडतं आणि आडवं चालू लागतं. ज्याने ती विहीर खणली त्याने कोअरच्या पेट्या बघितल्या नव्हत्या. त्याने बहुधा चैत्रात हिरवं राहिलेलं गवत बघितलं असेल.

वाटेत थाळेमेळ नावाची जागा सांगतात. कळसू ही कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावात पाटलाकडे कामाला राहिली, अट एकच, झाडलोट आणि भांडी करणार नाही. एक दिवस पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली. तिने इथे ती घासली आणि तशीच डोंगर चढून गेली, परत आली नाही. आईने ही गोष्ट मला पहिल्या चढणीत सांगितली होती, दम लागू नये म्हणून. मी ती भाचीला सांगितली, माझा दम लपवायला.

अकराच्या सुमाराला माथ्यावर पोचलो. रेघा भरल्या 519. म्हणजे 804 मीटर, अधिक शिड्यांचे 36, एकूण चढ 840. मोबाइल काढला. दाबावरून त्याने चढ सांगितला 786. चोपन्न मीटरचा फरक! माझ्या आयुष्यात एवढ्या चुकीचा छेद गेला असता तर धरणाचा माथा पाण्याखाली गेला असता. भाची नम्रपणे म्हणाली, "मामा, रेघा जास्त झाल्या असतील." मी काही बोललो नाही, पण वाईट वाटलं.

माथा अगदी अरुंद. शेंदरी रंगाचं छोटं देऊळ, कठडा, आणि चारी बाजूंना वारा. एक बाई चहाचं पातेलं घेऊन आडोशाला बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, चहाआधी नुसतं पाणी उकळा, मला त्यात हे बुडवायचंय. त्यांनी थर्मामीटरकडे बघून विचारलं, "ताप हाय का पान्याला?" पाणी खळखळा उकळत असताना पारा 94 आणि 95 च्या मधे थांबला, 95 कडे थोडा झुकलेला. साधारण दर 300 मीटरला उकळबिंदू एका अंशाने उतरतो. साडेपाच अंशांची घट म्हणजे समुद्रापासून 1650 च्या आसपास. माझ्या थर्मामीटरवर अर्धा अंश म्हणजे दीडशे मीटर, त्यामुळे याला मोजमाप म्हणणं धाडसाचं आहे, पण दिलासा मिळाला. बाईंना सांगितलं, इथे पाणी शंभरावर उकळत नाही, त्याआधीच उकळतं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर डाळ शिजत नाय ना वर. आमी खालूनच करून आनतो."

चहा घेत चहूकडे बघितलं. पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग, एकाला एक खेटून. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, आणखी मागे हरिश्चंद्रगडाचा पसारा. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. उत्तरेला अंजनेरी, ब्रह्मगिरी. हे सगळं आधीही बघितलं होतं, नावं घेत, फोटो काढत. या वेळी नळी डोळ्याला लावून आडवं बघितलं, आणि नळीतल्या रेषेच्या वर एकही डोंगर आला नाही. सगळे खाली. पण कसे खाली? बहुतेकांचे माथे सपाट, आणि एकावरचा कडा पुढच्या डोंगरावर जवळपास त्याच पातळीत पुढे चालू झालेला. मधे दरी आहे म्हणून तो तुटला, एवढंच. बोट ठेवून दरीवरून सरळ ओढत न्यावं आणि समोरच्या कड्याला जोडावं. हे डोंगर वर उचललेले नाहीत, मधली माती-दगड नद्यांनी काढून नेल्यावर उरलेले आहेत. शाळेत वाचलेलं वाक्य, पण नळीतून दिसलं तेव्हा पटलं.

काढून नेणाऱ्या दोघी इथूनच कळतात. उत्तरेच्या उतारावरचं पाणी दारणेच्या खोऱ्यात जातं, दक्षिणेचं प्रवरेच्या. दोन्ही शेवटी गोदावरीलाच मिळतात. देवळाच्या पागोळ्या जर दोन बाजूंना पडत असतील तर एक थेंब नाशिक जिल्ह्यातून फिरून आणि दुसरा भंडारदरा, संगमनेर करत, पार प्रवरासंगमला एकमेकांना भेटतील. वाटेत जायकवाडीच्या वाटपावरून दोन्हीकडचे लोक भांडतील, ते वेगळं. पाऊस मात्र दोघींना सारखा नाही. पश्चिमेला घाटघर पाच हजार मिलिमीटरच्या घरात, आणि पूर्वेला संगमनेर गाठेपर्यंत तो पाचशेच्या आतबाहेर येतो. इतक्या थोड्या अंतरात एवढा उतार माझ्या कुठल्याही कालव्याला नव्हता.

आणि मग भाचीने तिच्या अभ्यासातली एक गोष्ट सांगितली, तिने माझा उरलेला दिवस खाल्ला. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचे तीन गट पाडतात: तळाशी कळसूबाई, मधे लोणावळा, वर वाई. नाव याच शिखराचं, आणि गट सर्वांत खालचा, सर्वांत जुना. सर्वांत वरचे, सर्वांत नवे थर महाबळेश्वरला. मी म्हटलं, असं कसं? महाबळेश्वर 1438 मीटर, हे 1646. वरच्या मजल्यावरचं सामान खालच्या मजल्यावर कसं?

तर सगळी चवडच दक्षिणेकडे किंचित कललेली आहे, अर्ध्या अंशाच्या आतबाहेर. वहीच्या मागच्या पानावर लगेच हिशोब मांडला. अर्धा अंश म्हणजे 115 ला 1. इथून महाबळेश्वर सरळ रेषेत 185 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे इथला थर तिथे दीड किलोमीटरहून जास्त खाली गेलेला असणार. आम्ही कालव्याला 5000 ला 1 असले उतार द्यायचो. 115 ला 1 दिला असता तर पाण्याने कालवाच वाहून नेला असता. तरी डोळ्याला तो उतार दिसत नाही. मी नळी लावून रतनगडाकडे बराच वेळ बघितलं. कडे आडवेच दिसत होते.

उतरताना गुडघ्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं, ते इथे लिहीत नाही. चार वाजता हापशीपाशी आलो, मोबाइल सकाळच्याच ओट्यावर ठेवला आणि दोघंही बघत राहिलो. हापशी आमच्या गैरहजेरीत सोळा मीटर वर गेली होती.

यातूनच खुलासा सापडला. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हवामानात काही बदल नसला तरी हे भरती-ओहोटीसारखं चालू असतं. मोबाइलला ते माहीत नसतं. दाब कमी झाला म्हणजे आपण चढलो, एवढंच त्याला कळतं. जुने सर्व्हेवाले म्हणून एक दाबमापक पायथ्याशी ठेवून द्यायचे. आम्ही तो दुसऱ्या दिवशी ठेवला. मी घराच्या ओट्यावर पाय पसरून पडलो आणि भाची मोबाइल घेऊन सकाळपासून चारपर्यंत हापशीशेजारी बसली, दर अर्ध्या तासाला एक नोंद. पाणी भरायला येणाऱ्या बायांनी आधी तिला हापशी दुरुस्तीवाली समजून दोन तक्रारी सांगितल्या, मग भाकरी आणून दिली. नोंदी बघितल्या तर अकराच्या सुमाराला हापशी सकाळपेक्षा 11 मीटर खाली गेलेली दिसत होती.

म्हणजे माथ्यावरच्या 786 मध्ये ते 11 मिळवायचे. दुसरी चूक हवेच्या उष्णतेची. मोबाइलमधलं गणित एका ठरावीक थंड हवेवर बसवलेलं असतं. 1200 मीटरला ते जेमतेम 7 अंश धरतं. आम्हाला अकरा वाजता वर 18 मिळाले होते आणि खाली दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 24. सरासरी 21. गरम हवा विरळ, तिच्यात तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं, त्यामुळे चढ पाच टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणजे आणखी 39. एकूण 836. माझ्या रेघांचे 840. चार मीटरचा फरक उरला. भाचीने तो माझ्या नावावर टाकला आणि मी तो मोबाइलच्या.

घरी येऊन एक जुनं इंग्रजी गॅझेटियर चाळलं, तर त्यात उंची 5427 फूट दिलेली, म्हणजे 1654 मीटर. आजच्या 1646 पेक्षा आठ जास्त. मोठमोठी यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांनाही आठ मीटरचा फरक पडला, हे वाचून मी ते पान उघडं ठेवूनच जेवायला गेलो.

छेद काढायला तीन आठवडे लागले. ट्रेसिंग पेपर आता लवकर मिळत नाही, नाशिकला दोन दुकानं फिरावी लागली. उभं आणि आडवं स्केल मुद्दाम सारखं ठेवलं, नाहीतर डोंगर सुईसारखा निघतो. काळ्या पाषाणाला उभ्या रेघा, मांजऱ्याला गोल टिंबं, गेरूला माझे नेहमीचे बारीक ठिपके, फक्त या वेळी लाल शाईने. पायऱ्या किती यावर मतभेद झाला. माझ्या वहीत नऊ, तिच्या वहीत सात. आणि एक पायरी म्हणजे एक लोळ असंही नाही. इथले लोळ एकावर एक सांडलेल्या लहान लहान जिभांचे गठ्ठे असतात, त्यामुळे एका पायरीत कितीतरी असू शकतात. शेवटी मी पायऱ्यांना आकडे दिले नाहीत.

काम संपलं असं वाटलं तेव्हा भाचीने माथ्याच्या वर बोट ठेवलं. "आणि इथे जे होतं ते?" पाडलेलं बांधकाम आम्ही तुटक रेषेने दाखवायचो, त्यामुळे रीत माहीत होती. पण माथा कागदाच्या वरच्या कडेपासून दोन बोटांवर होता. म्हणून वर दुसरा कागद चिकटवला. कड्यांच्या रेषा तुटक करून दोन्ही बाजूंनी थोड्या वर नेल्या आणि तिथेच सोडून दिल्या, माप न घालता. बाकी तो कागद कोराच आहे. उत्तर दिशेचा बाण तेवढा तिथे काढला, कारण खाली जागा उरली नव्हती.